शेतकऱ्याचं नाव डिलीट करताना त्याच्या पट्ट्यांचं काय करायचं

रावेर, सावदा, यावल, चोपडा ह्या भागात केळीच्या व्यापाऱ्यांना, कृषी सेवा केंद्रांना, जिनिंगवाल्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवून देणारी बरीच पोरं आहेत आता, आणि त्या सगळ्यांना कधी ना कधी व्यापाऱ्याचा फोन येतोच की "ते नाव काढी टाक भो लिस्टमधून". नाव काढणं म्हणजे एक डिलीट कमांड, दोन सेकंदाचं काम. पण त्या नावाला मागे काय काय चिकटलंय, म्हणजे पट्ट्या, उचल, गाडी, फोन नंबर, त्याचं काय होणार हे आधी ठरवलेलं नसेल तर हिशोब बिघडतो, आणि तो लगेच दिसत नाही, दिवाळीला खातं मिटवताना दिसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उदाहरण म्हणून एका केळी व्यापाऱ्याचा डेटाबेस घेऊ. टेबलं अशी: गाव, शेतकरी, मुकादम म्हणजे कापणीची टोळी आणणारा, गाडी, पट्टी म्हणजे शेतकऱ्याला दिलेली हिशोबपट्टी, पट्टी_ओळ ज्यात वजन, भाव, कपात असते, उचल म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, फोन, आणि मेसेज_लॉग. शेतकऱ्यात गाव_आयडी आहे, पट्टीत शेतकरी_आयडी, गाडी_आयडी आणि मुकादम_आयडी आहे, ओळीत पट्टी_आयडी आहे. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीसारखं इंग्रजीतच करायचं.)

आता समजा फॉरेन की, म्हणजे हा आयडी वरच्या टेबलात खरंच आहे का हे डेटाबेसने तपासायचा नियम, लावलेलीच नाही, नुसते आयडीचे कॉलम आहेत, आणि तुम्ही शेतकरी उडवला. डेटाबेस काही बोलत नाही, काम झालं म्हणतो. पट्ट्या मात्र तिथेच राहतात, आता त्यांना मालक नाही. मग होतं काय, पट्टी टेबलची नुसती बेरीज मारली तर समजा १८,४०,००० येते आणि शेतकरीवार रिपोर्ट काढला, जो शेतकरी टेबलशी इनर जॉइन करतो, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच घेतो, तर १७,९५,००० येते. मधले ४५,००० कुठे गेले? ते त्या उडवलेल्या माणसाचे. व्यापारी म्हणतो सॉफ्टवेअर चुकतंय, आणि तो बरोबर म्हणतोय.

ह्याच्याहून वाईट प्रकार आयडी परत वापरला गेल्यावर होतो. एसक्यूलाइट ह्या डेटाबेसमध्ये ओळीचा आयडी, म्हणजे इंटिजर प्रायमरी की, ऑटोइन्क्रिमेंट न लिहिता ठेवली तर पुढचा आयडी म्हणजे सध्याचा सगळ्यात मोठा अधिक एक. म्हणजे शेवटचा शेतकरी ३१२ नंबरचा उडवला आणि नवीन टाकला तर त्यालाही ३१२ च मिळतो. जुन्याची उचल अनाथ पडलेली होती ती आता गुपचूप नव्याच्या नावावर. मायएसक्यूएलच्या ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांतही सर्व्हर रीस्टार्ट झाला की इनोडीबी ह्या टेबल इंजिनचा आयडीचा काउंटर असाच सगळ्यात मोठ्या आयडीवरून परत मोजला जायचा, आणि जुनी मशीनं अजून कितीतरी दुकानांत चालू आहेत. ज्या माणसाने एक रुपया घेतला नाही त्याच्या पट्टीतून उचल कापली जाणं, ह्याच्याइतकं वाईट काही नाही. शेतकऱ्याचा विश्वास गेला की तो पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे माल देतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

तर पहिलं काम, फॉरेन की लावा, आणि प्रत्येक नात्याला वेगळा विचार करून लावा. एसक्यूएलच्या १९९२ च्या स्टँडर्डमध्येच ऑन डिलीटचे, म्हणजे वरची ओळ उडवली की खालच्या ओळींचं काय करायचं ह्याचे, पर्याय दिलेत: नो अॅक्शन, कॅस्केड (खालच्या ओळीही उडव), सेट नल (खालच्या ओळीतला आयडी रिकामा कर), सेट डिफॉल्ट (ठरलेली किंमत टाक). रिस्ट्रिक्ट, म्हणजे खाली ओळी असतील तर सरळ नकार, नंतर आला. काहीच लिहिलं नाही तर नो अॅक्शन धरलं जातं, म्हणजे मागे ओळी असतील तर डिलीट होऊ देत नाही. बरेच जण एका ठिकाणाहून कॅस्केड कॉपी करतात आणि सगळीकडे चिकटवतात, कारण मग एरर येत नाही. एरर येत नाही हेच तर धोक्याचं आहे.

मी प्रत्येक नात्याला एकच प्रश्न विचारतो: वरची ओळ गेली तर खालच्या ओळीला स्वतःचा काही अर्थ उरतो का, आणि तिच्यात कुणाचे पैसे अडकलेत का?

पट्टी_ओळ घ्या. पट्टीच नाही तर "वजन १२ क्विंटल, दांडीची कपात" ह्या ओळीचं करायचं काय, तिला अर्थच नाही. इथे कॅस्केड, बिनधास्त. कमांड अशी: ऑल्टर टेबल पट्टी_ओळ अॅड कन्स्ट्रेंट ओळ_पट्टी_एफके फॉरेन की (पट्टी_आयडी) रेफरन्सेस पट्टी (आयडी) ऑन डिलीट कॅस्केड. फोन टेबलही तसंच, माणूस नाही तर त्याचा नंबर ठेवून काय करणार.

शेतकरी आणि पट्टी हे नातं एकदम वेगळं आहे. पट्टी हा झालेल्या व्यवहाराचा पुरावा आहे, माल गाडीत भरला, पुढे गेला, पैसे दिले किंवा द्यायचेत. इथे रिस्ट्रिक्टच. उचलीलाही रिस्ट्रिक्ट, गाडी आणि पट्टीलाही रिस्ट्रिक्ट. व्यापाऱ्याने डिलीट दाबलं तर डेटाबेसने नाही म्हटलंच पाहिजे.

मुकादम जरा मधला आहे. मुकादम काम सोडून गेला, त्याचं नाव काढायचंय, पण पट्टी तर राहिली पाहिजे, तेव्हा सेट नल. ह्यात दोन गोष्टी बघा. एक तर मुकादम_आयडी ह्या कॉलमला नल चालत असलं पाहिजे, नाहीतर मायएसक्यूएल कन्स्ट्रेंट बनवतानाच नकार देतो, आणि पोस्टग्रेस बनवू देतो पण प्रत्यक्ष डिलीटच्या वेळी नॉट नलची एरर फेकतो, म्हणजे तुम्हाला सहा महिन्यांनी कळतं. दुसरं म्हणजे सेट नल झालं की कापणी कुणाच्या टोळीने केली होती ही माहिती कायमची गेली. मजुरीचं भांडण नंतर निघालं तर काय दाखवणार? त्यामुळे पट्टी बनते त्याच वेळी मुकादमाचं नाव मजकूर म्हणून पट्टीत लिहून ठेवा, वेगळ्या कॉलमात. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवायचं, शिकवणारे सर नाराज होतील कदाचित, पण पट्टीवर त्या दिवशी जे छापलं गेलं ते तसंच राहिलं पाहिजे, भावाचं जसं आपण करतो तसंच नावाचं.

आणि गाव. इथे लोक हमखास फसतात म्हणून जरा थांबतो. एंट्री करणाऱ्या पोराने एकदा "वाघोदा बु." टाकलं आणि एकदा "वाघोदा बुद्रुक", आता लिस्टमध्ये दोन दिसतात आणि व्यापारी म्हणतो एक काढा. समजा गाव ते शेतकरी कॅस्केड आहे, शेतकरी ते पट्टी कॅस्केड आहे, पट्टी ते ओळ कॅस्केड आहे. तुम्ही गावाची एकच ओळ उडवली, स्क्रीनवर "एक ओळ डिलीट झाली" एवढंच आलं, कारण कॅस्केडने खाली गेलेल्या ओळी त्या आकड्यात मोजल्याच जात नाहीत, आणि आख्ख्या गावातले शेतकरी, त्यांच्या पट्ट्या, सगळं गेलं. साखळीतला प्रत्येक दुवा बनवताना ठीक वाटला असेल पण साखळी म्हणून कुणी बघितलीच नाही. म्हणून कॅस्केड लावताना वरून खालपर्यंत बोट फिरवून बघा की कुठपर्यंत जातंय, आणि मधे कुठेतरी पैशाचं टेबल आलं तर तिथे साखळी तोडा, रिस्ट्रिक्ट टाका. खाली रिस्ट्रिक्ट असला की वरचं डिलीटही अख्खं रद्द होतं, अर्धं नाही होत.

खरं म्हणजे वाघोद्याचं काम डिलीटचं नाहीच, एकत्र करण्याचं आहे. आधी चुकीच्या गावाच्या सगळ्या शेतकऱ्यांचा गाव_आयडी अपडेट करून बरोबर गावाचा करायचा, मग चुकीचं गाव उडवायचं, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही होईल नाहीतर काहीच नाही. रिस्ट्रिक्ट लावलेलं असेल तर एखादा शेतकरी राहून गेला तरी डिलीट अडतं आणि तुम्हाला कळतं. एकाच माणसाची दोन खाती झाली असतील, जी आडनाव आणि गाव एकच असलं की पाटील-चौधऱ्यांच्या गावात होतातच, तर तिथेही हेच करा, पण पट्टी, उचल, फोन, मेसेज_लॉग सगळ्या टेबलांत आयडी बदलावा लागेल, एकही विसरू नका. कुठली कुठली टेबलं शेतकऱ्याकडे बोट दाखवतात ते आठवणीवर सोडू नका, मायएसक्यूएल, पोस्टग्रेसमध्ये इन्फर्मेशन स्कीमा (डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती) असते, तिच्यात फॉरेन कीची यादी मिळते ती काढा.

आता डेटाबेसनिहाय खोड्या, ह्या माहिती नसल्या तर फॉरेन की लावूनही काही उपयोग होत नाही.

मायएसक्यूएलमध्ये टेबल मायआयसॅम इंजिनवर असेल तर फॉरेन की वाचली जाते आणि सोडून दिली जाते, एरर नाही काही नाही. ५.५ पासून इनोडीबी डीफॉल्ट आहे पण जुन्या डंपमधून आलेली टेबलं तपासा. दुसरं, कॉलमच्या पुढेच नुसतं रेफरन्सेस लिहिलं तर ८ च्या मालिकेतही ते दुर्लक्षित होतं, खाली वेगळी फॉरेन की ओळच लिहावी लागते. आणि दोन्हीकडचा टाइप तंतोतंत सारखा पाहिजे, एकीकडे अनसाइन्ड आणि दुसरीकडे साधा इंट असला की नाही जमत.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की तपासणी मुळात बंद असते. प्राग्मा फॉरेन_कीज ऑन हे प्रत्येक कनेक्शनला द्यावं लागतं, एकदा दिलं म्हणजे झालं असं नाही. अँड्रॉइडचं अॅप बनवत असाल तर हे नक्की बघा.

पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, आपोआप बनवत नाही, मायएसक्यूएल बनवतो. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये पट्टी.शेतकरी_आयडी वर इंडेक्स नसेल तर एक शेतकरी उडवताना पूर्ण पट्टी टेबल वाचलं जातं, आणि लाखभर पट्ट्या असतील तर सीझनमध्ये दुपारी काट्यावर रांग लागलेली असताना स्क्रीन अडकून बसते. ओरॅकलमध्ये तर इंडेक्स नसला की खालच्या टेबलवर लॉकच लागतो. इंडेक्स टाकून द्या, विचार करू नका. पोस्टग्रेसमध्ये नो अॅक्शन आणि रिस्ट्रिक्टमध्ये फरक एवढाच की नो अॅक्शनची तपासणी डिफर करून ट्रान्झॅक्शनच्या शेवटी नेता येते, रिस्ट्रिक्टची नाही. मायएसक्यूएलमध्ये दोन्ही सारखेच. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना एकाच टेबलपर्यंत कॅस्केडचे दोन रस्ते जात असतील तर १७८५ नंबरची एरर येते, तिथे एक रस्ता नो अॅक्शन करा.

चालू डेटाबेसला फॉरेन की लावायला गेलात की बहुतेक वेळा ती लागतच नाही, कारण आधीच अनाथ ओळी पडलेल्या असतात. त्या शोधायच्या अशा: पट्टीला शेतकरी लेफ्ट जॉइन करा (म्हणजे पट्ट्या सगळ्या ठेवून शेतकरी जोडा) आणि जिथे शेतकरी.आयडी नल आहे तेवढ्या काढा. सापडल्या म्हणून लगेच उडवू नका हां, त्यात पैसे आहेत. वेगळ्या टेबलात कॉपी करा, प्रिंट काढून व्यापाऱ्यासमोर बसा, जुन्या कागदी पट्ट्यांवरून बहुतेक नावं लागतात. ज्यांची नाहीच लागली त्यांच्यासाठी "नाव नसलेला जुना हिशोब" असा एक शेतकरी बनवून त्या पट्ट्या त्याला जोडा, बेरीज तरी जुळेल. पोस्टग्रेसमध्ये कन्स्ट्रेंट नॉट व्हॅलिड म्हणून आधी लावता येतो, म्हणजे आजपासूनच्या नोंदी तपासल्या जातात आणि जुन्या साफ झाल्या की व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट चालवायचं, तेही व्यवहार न थांबवता. मायएसक्यूएलमध्ये मात्र फॉरेन_की_चेक्स शून्य करून कन्स्ट्रेंट लावायचा आणि परत एक करायचं असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण परत चालू केल्यावर तो जुन्या ओळी तपासत नाही, घाण आतच राहते आणि वरून सगळं स्वच्छ दिसतं.

आता व्यापाऱ्याच्या फोनकडे येऊ. "नाव काढी टाक" म्हणणाऱ्या माणसाला दहातल्या नऊ वेळा डेटा उडवायचा नसतो, त्याला ते नाव पट्टी बनवताना लिस्टमध्ये नको असतं, एवढंच. दुकानातले मुनीमजी खातं बंद झालं म्हणून वहीचं पान फाडत नाहीत, खाली रेघ मारून "खातं बंद" लिहितात, तसंच शेतकरी टेबलात बंद_तारीख असा कॉलम ठेवा, नल म्हणजे चालू. बटणाचं नावही डिलीट ठेवू नका, "खातं बंद करा" ठेवा, लोकांना ते लगेच समजतं.

पण हा मार्ग फुकट नाही. प्रत्येक क्वेरीत बंद_तारीख इज नल लिहावं लागतं आणि एका ठिकाणी विसरलं की बंद माणूस परत दिसतो, म्हणून चालू_शेतकरी नावाचा व्ह्यू, म्हणजे तयार ठेवलेली क्वेरी, बनवा आणि एंट्रीच्या सगळ्या स्क्रीनला तोच वापरा, जुन्या रिपोर्टला मात्र मूळ टेबल. मोबाइल नंबर युनिक ठेवला असेल तर बंद खात्याचा नंबर अडकून बसतो, बापाचं खातं बंद करून त्याच नंबरवर मुलाचं खातं उघडायचं तर होत नाही, त्यासाठी पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये फक्त चालू ओळींवर पार्शल युनिक इंडेक्स बनवता येतो. आणि लक्षात घ्या, बंद खात्यावर नवीन पट्टी बनणं फॉरेन की थांबवत नाही, कारण ओळ तर जागेवर आहे, ते तुम्हाला ट्रिगरने (बदल होताना डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) किंवा पट्टी सेव्ह करताना तपासून थांबवावं लागेल.

कृषी सेवा केंद्राचं सॉफ्टवेअर असेल तर बिलं उडवायचा प्रश्नच येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिल चुकलं तर क्रेडिट नोट करा, उडवू नका.

उलट बाजूही आहे. एखाद्या शेतकऱ्याने म्हटलं की माझा बँक खाते नंबर, आधारचा फोटो तुमच्या कॉम्प्युटरमधून काढा, तर ते त्याचं मागणं योग्य आहे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलाय, कायद्याने जे ठेवावंच लागतं तेवढं सोडून. अशा वेळी शेतकऱ्याची ओळ ठेवायची पण गरज नसलेले कॉलम रिकामे करायचे, फोन टेबलातल्या ओळी उडवायच्या, मेसेज_लॉग मधला मजकूर पुसायचा. आणि फोटो. पासबुकाचा, सातबाऱ्याचा फोटो फोल्डरमध्ये असतो, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता, तेव्हा ओळ गेली म्हणून फाइल जात नाही, ती वेगळी उडवावी लागते. आधी डेटाबेसचं कमिट होऊ द्या, म्हणजे बदल पक्का होऊ द्या, मग फाइल उडवा, उलटं केलं आणि रोलबॅक झालं, म्हणजे बदल मागे घेतला गेला, तर फाइल परत नाही येत.

फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी एक बघावं, काम डेटाबेस करतोय की तुमचा कोड. जँगो ह्या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये मॉडेलवर जे ऑन_डिलीट लिहितो ते काम जँगो स्वतः पायथनमधून करत आलाय, डेटाबेसमधल्या कन्स्ट्रेंटवर कॅस्केड लिहिलेलं नसतं, त्यामुळे कुणी थेट एसक्यूएल चालवलं तर वेगळंच वागतं. जँगोत रिस्ट्रिक्टसाठी प्रोटेक्ट वापरा. लॅराव्हेल ह्या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये उलटं, मायग्रेशनमध्ये कॅस्केड लावलं तर खालच्या ओळी डेटाबेस उडवतो आणि त्या मॉडेलचे डिलीटिंग इव्हेंट चालतच नाहीत. मायएसक्यूएल ८ मध्ये कॅस्केडने गेलेल्या ओळींवर ट्रिगरसुद्धा चालत नाही, म्हणजे "कुणी काय उडवलं" ह्याचा लॉग ट्रिगरने ठेवत असाल तर तो अर्धवट राहणार. नियम डेटाबेसमध्येच असला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण उद्या कुणीतरी बाहेरच्या टूलने टेबल उघडणारच, पण कोडमध्ये काय होतंय तेही माहिती हवं.

डेटाबेसने नकार दिला की तो नकार माणसाला समजेल असा दाखवा. पोस्टग्रेस २३५०३ कोड देतो (१८ व्या आवृत्तीपासून रिस्ट्रिक्टसाठी २३००१), मायएसक्यूएल १४५१ देतो, तो पकडा आणि मोजून सांगा: "ह्या शेतकऱ्याच्या १४ पट्ट्या आणि ५,००० रुपये उचल बाकी आहे, नाव काढता येणार नाही, खातं बंद करायचं का?" इंग्रजीतली लाल एरर बघून दुकानातला पोरगा घाबरतो आणि परत परत तेच बटण दाबतो.

शेवटी, खरंच डिलीट करायची वेळ आली, समजा चुकून दोनदा पडलेली पट्टी आहे, तर क्रम असा ठेवा. बॅकअप, आणि तो उघडतोय का ते दुसऱ्या मशीनवर बघून. मग ट्रान्झॅक्शन सुरू, आणि ज्या वेअरने, म्हणजे अटीने, डिलीट करणार त्याच वेअरने आधी सिलेक्ट, खालच्या टेबलांतल्या ओळीही मोजा, आकडे कागदावर लिहा. मग डिलीट, परत मोजा, जुळलं तर कमिट नाहीतर रोलबॅक. मेसेज_लॉगसारख्या टेबलातून लाखो जुन्या ओळी काढायच्या असतील तर एका दमात नको, पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी, प्रत्येक तुकड्याला कमिट, आणि काटा बंद झाल्यावर रात्री. आणि ट्रंकेट हा डिलीटचा फास्ट प्रकार समजून वापरू नका, पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटला कॅस्केड जोडलं तर जी जी टेबलं त्याच्याकडे बोट दाखवतात ती पूर्ण रिकामी होतात, तुम्ही तिथे सेट नल किंवा रिस्ट्रिक्ट लावलेलं असलं तरीही.